तिच्या बुटाचा तळ

आमच्या रस्त्यावर मला ‘सवडीने’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. ‘काय सवडीने, झाली का टाच?’ असं विचारतात आणि मी ओ देतो. एकतीस वर्षं बूट दुरुस्त करतोय. एवढ्या काळात कोणीतरी मला ‘उस्ताद’ म्हणावं अशी फार इच्छा होती, ते कोणी म्हटलं नाही. हे नाव मात्र चार दिवसांत चिकटलं. पण सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, बायकोबद्दल. त्यात माझा जेवढा संबंध आला तेवढा येईलच, आणि तो काही चांगला आलेला नाही.

ही मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम आहे. तळघरात सहा यंत्रं, तीन पाळ्या, आणि दिवसाला हजारभर चादरी. वरच्या मजल्यांवरून चादरींचे गठ्ठे खाली येतात, आणि त्या गठ्ठ्यांत माणसं काय काय विसरतात याचा तुम्हाला अंदाज यायचा नाही. चष्मे, अंगठ्या, पत्रं, कानाची यंत्रं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे दातांच्या कवळ्या. सापडलेली वस्तू पाकिटात घालून कार्यालयात जमा करायची असा नियम आहे. ही बाकी सगळं जमा करायची, पण कवळीचं तिला पटेना. कार्यालयातून कवळी परत पोचेपर्यंत तो माणूस दोन दिवस पातळ अन्न गिळत बसणार. म्हणून तिने वरिष्ठांची परवानगी काढली आणि पाळी संपली की कवळी धुऊन, रुमालात गुंडाळून स्वतः वर जायला लागली. खाटेखाटेपाशी विचारायची, ‘ही तुमची का?’ ज्याची असेल तो ती तोंडात बसवायचा आणि लगेच बोलायला लागायचा. मग ही स्टूल ओढून ऐकत बसायची. बावीस वर्षं ही घरी तासभर उशिरा येतेय, आणि त्याला कारण दुसऱ्यांचे दात आहेत.

तिची दुसरी खोड म्हणजे खरं बोलणं. खरं आपणही बोलतो, सोयीने. हिला सोय कळत नाही. एकदा चाळीस घोंगड्या आटून रुमालाएवढ्या झाल्या. सगळे यंत्राला दोष देत होते, यंत्राचा माणूसही मान्य करायला तयार होता, आणि ही मात्र साहेबांकडे जाऊन सांगून आली की पाणी जास्त गरम मीच लावलं. लेक शाळेत असताना गैरहजेरीची चिठ्ठी लिहायची वेळ आली, तेव्हा सगळे आईबाप लिहितात तसं ‘ताप आला होता’ लिहावं की नाही? हिने लिहिलं, ‘मुलीला उठायचा कंटाळा आला आणि मी पण तिला उठवलं नाही.’ बाईंनी ती चिठ्ठी म्हणे जपून ठेवली. मी कपाळावर हात मारून घेतला होता.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अँग्लिकन. आमच्यात डीकन म्हणजे दीक्षेची पहिली पायरी. काही जण तिथून वर्षभराने पाळक होतात, काही जण जन्मभर डीकनच राहतात आणि आपापली नोकरीही सांभाळतात. आजाऱ्यांकडे जायचं, एकट्यादुकट्याची चौकशी करायची, उपासनेत शुभवर्तमान वाचायचं, हे त्यांचं काम. अंगात पांढरा झगा, आणि डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जाणारा एक तिरका पट्टा. तो तिरका पट्टा मला लहानपणापासून आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

चोवीस वर्षांपूर्वी मी स्वतः डीकन व्हायला गेलो होतो. अर्ज केला, शिफारस मिळवली, तिघा जणांसमोर मुलाखतीला बसलो. त्यांनी विचारलं, डीकन का व्हायचंय? मी पाठ केलेलं बोललो. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की शेवटचं आजाऱ्याकडे कधी गेला होतात. मला आठवेना. त्यांनी गोड बोलून सांगितलं, ‘थोडं थांबा.’ मी थांबलो. परत कोणी बोलावलं नाही. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती, आणि तिने ती लेकीलासुद्धा कधी सांगितली नाही.

आता बुटांचं. दीक्षाविधीच्या वेळी सगळे उमेदवार बिशपांसमोर गुडघे टेकतात. मंडळी त्यांच्या मागे बसलेली असते. त्यामुळे होतं काय, की बिशपांना दिसतात चेहरे आणि बाकी शहराला दिसतात बुटांचे तळ. प्रार्थना चांगली लांब असते, लोकांचे डोळे कुठेतरी टेकायला हवेतच. एका वर्षी एका बिचाऱ्याच्या नव्याकोऱ्या बुटाला खाली दुकानाचं चिकटपत्र तसंच राहिलं होतं, आणि लोक वर्षभर त्याला त्यावरून छळत होते. तेव्हापासून कॅथेड्रलचं दार सांभाळणारे काका दर वर्षी उमेदवारांना माझ्याकडे पाठवतात. मी अर्धे सोल नवे बसवतो, टाच सरळ करतो, कडा घासतो, तळ शाईने काळाभोर करतो. आणि शेवटी, मधल्या कमानीत, जिथे बूट जमिनीला टेकत नाही तिथे, पितळेची एक चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकतो. ती माझी खूण. विधीच्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसायचं आणि ओळीने चमकणाऱ्या त्या चुका बघायच्या, हा माझा वर्षाचा सण. ज्यांना घेतलं ते वर गुडघ्यावर, आणि ज्याला थांबवलं त्याची खूण त्यांच्या तळाला. मनात काय चालायचं ते देवालाच ठाऊक, म्हणजे त्याला नक्कीच ठाऊक असणार.

तर हिचं. आमचे पाळक आजाऱ्यांना भेटायला इस्पितळात जातात. ज्या खाटेपाशी जावं तिथे ऐकायला मिळायचं, ‘आत्ताच धुलाईवाल्या बाई येऊन गेल्या.’ असं दोन-तीन वर्षं ऐकल्यावर एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि मला बाजूला ठेवून हिलाच विचारलं, डीकन होण्याबद्दल काही मनात येतं का? ही म्हणाली, मला बोलता येत नाही, फार तर ऐकता येतं. ते म्हणाले, बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि तळाला गेलं, तरी मी कप हलवत बसलो होतो.

तिला कोणी थांबायला सांगितलं नाही. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग, निबंध, परीक्षा. निबंध ती धुलाईच्या पावत्यांच्या मागे लिहायची, माझ्याच दुकानाच्या फळीवर बसून, कारण तिथे उजेड चांगला. एखाद्या परिच्छेदावर अडली की मला वाचून दाखवायची. मी तोंडात खिळे धरून ‘हूं’ म्हणायचो. तोंडात खिळे असले की माणसाला बोलावं लागत नाही, हा आमच्या धंद्याचा एक फायदा आहे. आनंद झालाय असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर पोटात दुखत होतं. मी मागितलं ते मला नाही, आणि हिने न मागता तिला, हा हिशेब काही केल्या माझ्या गळी उतरत नव्हता. घरच्या माणसाचा हेवा वाईट, कारण त्याच्याशी रोज एका ताटाशेजारी बसून जेवावं लागतं.

विधीला तीन आठवडे होते तेव्हा ती दुकानात आली. हातात तिचे काळे बंदाचे बूट. धुलाईच्या ओल्या फरशीवर गाडे ढकलून तिच्या उजव्या बुटाची टाच नेहमी बाहेरच्या बाजूने झिजते, हे मला पाहायचीही गरज नाही, जिन्यावरच्या पावलावरून कळतं. पण उजव्या तळाला बटणाएवढं भोक पडलं होतं आणि आतून साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घातलेला होता, हे मला तेव्हा कळलं. बूट दुरुस्त करणाऱ्याची बायको पुठ्ठा घालून चालत होती. म्हणाली, ‘यंदा माझेही बघाल का?’

मी मान वर केली नाही. म्हटलं, रांगेत ठेव. आणि गिऱ्हाइकाला देतो तसं पत्र्याचं टोकन तिच्यापुढे सरकवलं, सतरा नंबरचं. चेष्टा म्हणून. चेष्टा नव्हती ती. तिने टोकन उचललं, नीट वाचलं आणि पाकिटात ठेवलं.

माझी लिहायची एक पद्धत आहे. पिवळ्या मेणखडूने मी डाव्या बुटाच्या कमानीत गिऱ्हाइकाची ओळख लिहितो आणि उजव्याच्या कमानीत वेळ. ‘घड्याळजी’ आणि ‘बुधवार’. ‘शाळेच्या बाई’ आणि ‘तातडीचे’. टाच वर धरून लिहायचं, म्हणजे फळीवर उलटे ठेवले की वाचता येतं. अक्षर मोठं, कारण माझी नजर आता पूर्वीसारखी नाही. पुसायची कधी वेळच येत नाही, शेवटी तळ काळा करताना शाईखाली ते आपोआप जातं. ती गेल्यावर मी तिच्या डाव्या बुटावर लिहिलं, ‘घरचे’. आणि उजव्यावर लिहिलं, ‘सवडीने’.

नंतर उमेदवार येऊ लागले. हिला धरून सहा जण होते. बाकी पाचांचे बूट मी एकेक करून हातावेगळे केले. त्यांतला एक लंबू तर शेवटच्या बुधवारी धापा टाकत आला, आणि मी त्याला चहा पाजून त्याच्यादेखत करून दिले. हिचे फळीवर तसेच. रोज मी ते एक जागा मागे सरकवायचो. ही दुकानात यायची, फळीकडे एकदा बघायची आणि निबंधाच्या पावत्या काढून बसायची.

विधीच्या आधी उमेदवारांना तीन दिवस मौनात ठेवतात, शहराबाहेरच्या एका घरात. बोलायचं नाही, फोन नाही, फक्त प्रार्थना. गुरुवारी सकाळी ती कापडी बुटांत निघाली. दारात म्हणाली, ‘रविवारी येताना बूट घेऊन या.’ मी म्हटलं, आणतो.

शनिवारी संध्याकाळी मी ते बूट मांडीवर घेतले. सोलला आणि टाचेला मिळून तास पुरे होता, आणि माझ्याकडे तीन होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःला वेळ नव्हता असं समजावायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी वरून पॉलिश केलं. असं केलं की तोंड दिसावं. बंद नवे घातले. मग बूट उलटे केले, भोक बघितलं, आणि पुन्हा सरळ करून पिशवीत ठेवले. वरून कोणी नाव ठेवू शकणार नव्हतं. खालचं भोक लोकांना दिसेल हे मला ठाऊक होतं. दिसू दे, असंच वाटलं. यांनी निवडलेली बाई अशी आहे, बघा. नवऱ्याने बायकोबद्दल असं वाटून घ्यावं, आणि तेही पॉलिशचा ब्रश हातात धरून. आज लिहितानाही कानशिलं तापतात. खडूच्या अक्षरांकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. ती पुसायची माझ्या हाताला सवयच नव्हती.

रविवारी कॅथेड्रलच्या मागच्या खोलीत मी तिला पिशवी दिली. मौन अजून सुटलेलं नव्हतं. तिने बूट बाहेर काढले, वरून हात फिरवला, मग उलटे करून पाहिले. मी भिंतीवरच्या झग्यांच्या खुंट्या मोजत होतो. तिने बूट पायात घातले, बंद बांधले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, धन्यवाद म्हणतात तशी.

मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी आमची लेक, बाहेरगावाहून मुद्दाम आलेली. मागच्या बाकावर घड्याळजी, माझ्या दुकानासमोरचा. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कॅथेड्रल गच्च भरलं होतं. इस्पितळातून धुलाईखान्याची अख्खी पाळी आली होती, आणि एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीवर, तोंडभर हसत, पूर्ण दात दाखवत.

विधीत एक जागा अशी येते की बिशप सहाही जणांना मंडळीकडे तोंड करून उभे करतात आणि आम्हाला विचारतात, यांना दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का? आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘आहे.’ चोवीस वर्षं मी ते म्हणत आलो होतो, परक्या लोकांसाठी, मोठ्याने. त्या दिवशी बिशपांनी विचारलं. सगळं कॅथेड्रल ‘आहे’ म्हणालं. लेक तर इतक्या जोरात म्हणाली की तिचा आवाज फाटला. मी तोंड उघडलं नाही. एवढ्या आवाजात एक आवाज कमी पडला तर कोणाला कळतंय, असा विचार केला. ही समोर उभी होती. कुठे बघत होती ते मी पाहिलं नाही, मी प्रार्थनेच्या पुस्तकात नाक खुपसलं होतं.

मग ते वळले आणि गुडघ्यावर बसले.

झगे मागे ओढले गेले आणि बारा तळ आमच्याकडे झाले. दहा काळेभोर, कमानीत पितळेची चूक चमकणारे. आणि मध्ये दोन तपकिरी, झिजलेले, एकाला भोक आणि भोकातून पांढरा पुठ्ठा. ते मी गृहीत धरलं होतं. पण त्याच्या वर, माझ्या मोठ्या, गोल, सगळ्या रस्त्याला ओळखीच्या अक्षरात, पिवळं धमक लिहिलेलं होतं. डावीकडे ‘घरचे’. उजवीकडे ‘सवडीने’.

मागे घड्याळजीने नाकातून आवाज काढला. मग दोन बाक सोडून कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. ज्यांनी ज्यांनी कधी माझ्याकडे बूट टाकले होते त्या सगळ्यांना ते वाचता येत होतं, आणि त्या कॅथेड्रलमध्ये माझ्याकडे बूट न टाकलेलं माणूस विरळाच. धुलाईखान्याच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. लेकीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बाप झाल्यापासून तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते म्हणायचं नसतं, ते खरंच वाटतं. पायाखालची फरशी मात्र हलली नाही. प्रार्थना चालली होती, आणि ती लांब असते हे मी आधी सांगितलंच आहे. बिशपांनी हिच्या डोक्यावर हात ठेवले. माझ्या बायकोच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा क्षण, आणि निम्मं शहर तिच्या पायांकडे बघत होतं. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून लोक सोडून देतात. अंधार आपोआप पडतो. हा मी लिहिला होता.

विधी संपला. ही बाहेर पायऱ्यांवर आली. पांढरा झगा, तिरका पट्टा, हातात नवा करार. लोकांनी गराडा घातला. चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ तिचा हात सोडेनात. मी कडेला उभा होतो, आणि घड्याळजी पुढे होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, ‘काय हो, शहराचे बूट वेळेवर आणि घरचे सवडीने?’

सगळे हसले. बिशप शेजारीच होते, तेही हसले.

आणि ही हसून म्हणाली, ‘अहो, मीच सांगितलं होतं त्यांना, बाकीच्यांचे आधी करा म्हणून.’

लोकांना ते फार आवडलं. डीकन असावी तर अशी, असं कोणीतरी म्हणालं. बिशपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला भाग्यवान ठरवलं. जिने चाळीस घोंगड्यांचं खोटं पचवलं नाही, जिने शाळेच्या चिठ्ठीत तापाचं खोटं लिहिलं नाही, ती अंगावर पट्टा चढून अर्धा तास झाला नाही तोच बिशपांच्या देखत खोटं बोलली होती, आणि माझ्यासाठी बोलली होती. मी तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. एकच. त्याऐवजी मी मान हलवली. हो हो, तीच म्हणाली होती, अशी.

लेक संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, ‘बाबा, येते,’ आणि पिशवी माझ्या हातून घेतली नाही, स्वतःच उचलली.

ती गेल्याबरोबर मी हिच्या बुटांना हात घातला. म्हटलं, दे, आत्ता करतो. तिने पाय मागे घेतले. ‘रांगेत आहेत ना? नंबर आला की करा,’ म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. सोमवारी ती तेच बूट घालून कामावर गेली, पुठ्ठ्यासकट. संध्याकाळी कापडी बूट पायात घालून आली आणि काळे बूट फळीवर त्यांच्या जागेवर ठेवले. सकाळी पुन्हा घालून गेली. तिच्यापुढे अकरा जोड होते. मी जेवायलाही उठलो नाही. कोणाची टाच, कोणाचा बंद, कोणाची उसवलेली शिवण. मधल्या मध्ये कोणाला पुढे घेतलं नाही, कोणाला मागे सरकवलं नाही. आणि सगळा वेळ ती वाक्यं डोक्यात घोळत होती, तिचं बोललेलं आणि माझं न बोललेलं.

बुधवारी दुपारी तिचा नंबर लागला. त्या दिवशी ती कापडी बूट घालून गेली होती. मी जुना सोल काढला. पुठ्ठा बाहेर आला, घामाने काळा पडलेला, तिच्या चवड्याचा ठसा उमटलेला. तीन वर्षं ती माझ्यासमोर बसून लिहीत होती आणि तिचा पाय असा होता. मी चांगलं चामडं घेतलं, टाच सरळ केली, कडा काचेने घासल्या. काळ्या शाईचा ब्रश उचलला आणि थांबलो. ती अक्षरं शाईखाली लपवायला हात धजेना. स्पिरिटच्या बोळ्याने ती आधी पुसली, एकेक अक्षर, आणि मगच तळ काळा केला. पितळेची चूक हातात घेतली आणि परत डब्यात टाकली. तिच्या तळाला माझी खूण नको होती.

पाळी संपल्यावर ती आली. फळीपलीकडे गिऱ्हाइकासारखी उभी राहिली आणि सतरा नंबरचं टोकन पुढे ठेवलं.

मी बूट दिले. म्हटलं, ‘तू माझ्यासाठी खोटं बोललीस.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘काल पाळकांकडे जाऊन कबूल करून आले.’

‘काय सांगितलंस?’

‘खोटं बोलले, एवढंच. कोणासाठी ते नाही सांगितलं.’

मी विचारलं, भोक दिसत होतं, तीन आठवडे होते, दुसऱ्या दुकानात का नाही टाकलेस? ती बंद बांधत म्हणाली, ‘दुसऱ्याकडे टाकले असते तर लोकांना कळलं असतं की तुम्ही करत नाही आहात.’

आता एक उरलं होतं, ते बाहेर काढलं. म्हटलं, बिशपांनी विचारलं तेव्हा मी...

‘पाहिलं मी,’ ती म्हणाली. ‘आम्हाला तुमच्याकडे तोंड करून उभं केलं होतं ना. मी तुमच्याकडेच बघत होते.’

मग मी सांगितलं. हेवा वाटला, म्हटलं. तीन वर्षं वाटतोय, अजूनही पूर्ण गेलेला नाही. ती ऐकत राहिली, दुसऱ्यांच्या खाटेशी बसून ऐकते तशीच. मधे बोलली नाही, समजूत घातली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘तुम्हाला थांबा म्हणाले आणि परत बोलावलंच नाही कोणी. ते वाईटच झालं.’ चोवीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मग तिने पिशवी उचलली. इस्पितळात चौथ्या मजल्यावर एकाची कवळी द्यायची राहिली होती, तो जेवायचा खोळंबला होता. दारात मात्र वळली.

‘आता तरी आहे का इच्छा?’

‘आहे,’ मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, पण निघाला.

ती गेली. जिना नाही, रस्ता होता, तरी पाऊल मला ऐकू आलं. टाच सरळ पडत होती.

मी दुकान उघडंच टाकलं आणि रस्ता ओलांडून घड्याळजीकडे गेलो. त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच थांबलो नाही. म्हटलं, ‘त्या दिवशी तिने मला काहीही सांगितलं नव्हतं. बूट मीच मागे ठेवले होते. जाणूनबुजून.’

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं. ‘पण त्या तर म्हणाल्या...’

‘खोटं बोलली. माझी अब्रू झाकायला.’

तो काही बोलला नाही. माझ्या माहितीत त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. गिऱ्हाइकं माझ्या पायांकडे बघत होती. मी परत आलो, एप्रन बांधला आणि पुढचा जोड घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वर केलं, तर शाळेच्या बाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. म्हणाल्या, ‘काय सवडीने, उघडलं का?’

मी म्हटलं, ‘उघडलं. ठेवा रांगेत.’